मदत हवी आहे: बायोडेटात शाळेतला खो-खो कसा मांडू?

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात एका गोदामात शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत आहे. अनुभव जेमतेम वर्षभराचा. पण पाचवी ते दहावी शाळेच्या संघात खो-खो खेळलोय, दोन वर्षं कर्णधार होतो.

मागच्या मुलाखतीत ‘टीमवर्क येतं’ एवढंच बोललो, तर समोरचे साहेब नुसते हसले. हसणारच म्हणा, सगळेच तसं म्हणतात! खरं तर सांगण्यासारखं बरंच आहे. आठ जण पाटीत, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यात, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात आणि पाठीमागून ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नाही. मी एकदा घाईत आधीच उठलो, फाऊल झाला आणि हातातला गडी निसटला. शिवाय एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही, म्हणून खो कुणाला द्यायचा हे धावतानाच ठरवावं लागतं. गोदामात माल चढवतानाही रोज हेच चालतं.

हे दोन मिनिटांत, बढाई न वाटता कसं सांगू? बायोडेटात ‘छंद’खाली लिहू की अनुभवात? भरती करणारं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा.