मदत हवी आहे: आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या) चार रविवारांसाठी उपदेशातले दाखले (बर्फ नको)

चेंबूरची_मार्था

सलाम मंडळी,

धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब बदलून गेले आणि नवे अजून आलेले नाहीत. तोवर रविवारचा उपदेश आम्ही तिघंचौघं आळीपाळीने करतोय. आगमनकाळाचे चारही रविवार माझ्या गळ्यात पडले, कारण कमिटीच्या मीटिंगला मी उशिरा पोचले. हार्बर लाइन. जास्त बोलत नाही.

मी सेमिनरीत शिकलेली नाही, दिवसा विम्याच्या क्लेमच्या फायली बघते. शास्त्रभाग समजून घेण्यापुरती भाष्यं घरात आहेत, वडलांची. अडतं ते दाखल्यापाशी, म्हणजे मुद्दा पटवणाऱ्या गोष्टीपाशी. यंदा मत्तयाचं वर्ष आहे. (ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: पाठमालिका, म्हणजे रविवारी वाचायच्या शास्त्रभागांची यादी, तीन वर्षांची असते. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधूनमधून पेरलेला.) पहिल्या रविवारी मत्तय २४: नोहाचे दिवस, शेतातले दोघे, जात्यावरच्या दोघी, रात्री येणारा चोर. दुसऱ्या रविवारी यशया ११, इशायाच्या बुंध्याला फुटलेला धुमारा, आणि मत्तय ३ मधला बाप्तिस्मा करणारा योहान, त्यातलं सूप आणि खळं. तिसऱ्याला याकोब ५ मधला पावसाची वाट बघणारा शेतकरी आणि तुरुंगातून निरोप धाडणारा योहान. चौथ्याला योसेफाचं स्वप्न.

दाखल्यांची पुस्तकं, वेबसाइटी सगळं पालथं घातलं. जिकडेतिकडे बर्फ. हिमवादळात अडकलेला प्रवासी, बर्फात उमटलेली पावलं, खिडकीत ठेवलेली मेणबत्ती. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या भक्तीलाही पंखे पाचवर असतात. हिमवादळ सांगायला गेले तर पहिल्या बाकावरच्या आजी पदराने वारा घेत ऐकतील.

शिवाय मला एकदा चटका बसलाय. गेल्या उपवासकाळात (ईस्टरआधी) मी ती पुलाची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी ऐकलेली असेल: रेल्वेचा उघडझाप होणारा पूल, त्यावर ड्युटी करणारा बाप, यंत्रात अडकलेला मुलगा, समोरून येणारी गाडी, बाप मुलाचा बळी देऊन गाडी वाचवतो. चर्चमध्ये दोघीतिघी रडल्या. मीही घसा खाकरला. बाहेर हस्तांदोलनाच्या रांगेत एक निवृत्त मोटरमन काका आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, पूल उघडा असताना गाडीला सिग्नल दिला कोणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आठवड्याला एकदा तरी कुणीतरी मला सिग्नलची चौकशी करतं.

तर मला मुंबईतल्या माणसाला आपला वाटेल असा दाखला हवाय. लोकल ट्रेन नको, ती वापरून वापरून गुळगुळीत झाली. २६ जुलै पण नको. ९४४ मिलिमीटर पाऊस आमच्या प्रत्येक वक्त्याने एकदा तरी पाडून झालाय. एआयला विचारलं होतं. त्याने चर्चगेटहून कर्जत लोकल पकडणारा जॉन दिला.

मागचा_बाक

एक हजार दाखल्यांचं जाडजूड पुस्तक मिळतं, विषयवार सूची असते. "प्रतीक्षा" खाली बघा.

चेंबूरची_मार्था

आहे माझ्याकडे. "प्रतीक्षा" खाली अकरा दाखले, त्यातले सात रेल्वे स्टेशनवर आणि त्यातल्या पाचांत बर्फ पडतोय.

डाऊन_स्लो

तुमचे मोटरमन काका बरोबर आहेत. असा पूल सिग्नलशी इंटरलॉक असतो. पूल बसून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. पांबनचा पूल १९१४ पासून जहाजांसाठी उघडत होता, तिथेही गाडी अशी मनाने घुसायची नाही. अडतीस वर्षं रेल्वेत काढली, म्हणून राहवलं नाही. दाखल्याबद्दल काही सुचत नाहीये. माफ करा ताई.

वसईवाला

आम्ही कॅथलिक, पण या चार रविवारांचे पाठ बहुतेक तेच आहेत. तुमची पाठमालिका आमच्या १९६९ च्या पाठमालिकेवरूनच पुढे तयार झाली.

आगमनकाळाच्या पुष्पचक्रातल्या चार मेणबत्त्या तुमच्याकडे लावता का? त्यामागची हकिकत खरी आहे आणि फार लोकांना माहीत नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचा पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचा. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्याने गाडीचं जुनं लाकडी चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारची मोठी, आठवड्यातल्या दिवसांची लहान. रोज एक जास्त पेटायची. हिरव्या फांद्या त्यात नंतर आल्या. आपण दुकानातून प्लास्टिकचं चक्र आणतो आणि मूळ वस्तू होती बैलगाडीच्या जातीचं एक चाक.

बुंध्यासाठी मात्र जर्मनीला जायची गरज नाही. शेवगा घ्या. आमच्या वाडीतला शेवगा वादळात मोडला, तर बाबांनी कमरेच्या उंचीवर करवतला. बुंधा नुसता खांबासारखा उभा होता, वर कावळा बसायचा. आईने त्यावर पायपुसणं वाळत घालायला सुरुवात केली. पावसाळा संपता संपता पायपुसण्याखालून कोंब बाहेर आले. काढायला गेली तर कापड कोंबात अडकलेलं. इशाय म्हणजे दाविदाचा बाप. राजघराणं तोडलं गेलंय, उरलाय तो बुंधा, आणि लोकांनी त्याचा उपयोग पायपुसण्यासाठी ठरवून टाकलाय. हे मी स्वतः कधी चर्चमध्ये बोललेलो नाही, आमच्याकडे प्रवचन फादरच करतात. तुम्ही घ्या.

चेंबूरची_मार्था

दुसरा रविवार सुटला! पायपुसणं घेतलं. आईंना सांगा.

ठोम्या

दाखला शोधताना कृपया हे तीन टाळा, व्हॉट्सॲपवर जोरात फिरतायत. (१) चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाऊन चोच आपटून नवी उगवणारा गरुड. असं कुठलाही गरुड करत नाही, चोच तोडली तर उपाशी मरेल. (२) यरुशलेमेतलं "सुईचं नाक" नावाचं बुटकं दार, ज्यातून उंट गुडघ्यावर बसून जायचा. येशूच्या काळात असं दार असल्याचा पुरावा नाही. ही कल्पना कित्येक शतकांनंतरची. उंट आणि सुई हे मुद्दामच अशक्य आहे, दार काढून ते शक्य करू नका. (३) भरकटणाऱ्या कोकराचा पाय मोडून त्याला खांद्यावर घेणारा मेंढपाळ. आपले धनगर विचारा, लंगडं कोकरू घेऊन कुणी डोंगर चढत नाही.

शंका घेणाऱ्या थोमावरून नाव यामुळेच ठेवलंय.

टाळ_चिपळ्या

मी ख्रिस्ती नाही, कीर्तनं ऐकत वाढलो. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

तुमचा प्रश्न वाचून महानुभावांचा दृष्टांतपाठ आठवला. चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी एकत्र केले. हत्ती आणि आंधळे त्यात आहेत. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. म्हणजे वचन, त्यावरची गोष्ट आणि मग गोष्टीतलं काय वचनातल्या कशाला लागू पडतं ते. हल्ली सगळे वक्ते (आमचेही) पहिलं आणि दुसरं करतात, तिसऱ्याला हात लावत नाहीत. गोष्ट संपली की टाळी, पुढे चला. तुमच्या पुलाच्या गोष्टीत सिग्नलपेक्षा मोठी अडचण मला तीच वाटते. त्यात बाप म्हणजे देव धरला तर मुलगा चुकून अडकलेला आहे, त्याला कुणी विचारलेलं नाही. तुमच्या धर्मात असंच मानतात का? मला माहीत नाही, पण दार्ष्टांतिक करायला बसलात की लगेच कळेल.

दुसरं, दृष्टांत फार ताणायचा नसतो. चंद्रासारखं मुख म्हटलं की डाग मोजायचे नसतात.

चेंबूरची_मार्था

आगाऊपणा कसला. सिग्नलवरून मी हसत होते, पण "मुलाला कुणी विचारलेलं नाही" यावर हसू गेलं. योहान १० मध्ये येशू सरळ म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. मी तर अगदी उलटं सांगून बसले होते, आणि लोक रडले म्हणून मला वाटलं छान झालं.

नगरची_नात

ताई, तुम्ही पुस्तकांत शोधताय आणि पाठातच तुमच्यासमोर जातं ठेवलेलं आहे!

माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं, मिशनच्या चाळीतलं. आजी आणि तिची जाऊ पहाटे चारला दळायला बसायच्या. एकमेकींकडे तोंड करून, मध्ये जातं, एकच खुंटा, त्यावर दोघींचे हात एकावर एक. एक ओढते, दुसरी पुढे ढकलते, आणि जिचा हात मोकळा ती वैरण (दळायच्या दाण्यांची मूठ) घालते. मी पाच-सहा वर्षांची असताना हट्टाने जावेच्या जागी बसले होते. जातं दोन फेरे फिरलं आणि थांबलं. आजी म्हणाली, "एकटीला ओढवतं गं, पण मग गाणं सुचत नाही." ओव्या म्हणायच्या दोघी, त्यात येशूच्या जन्माच्याही होत्या, देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांनीच रचलेल्या.

मत्तय २४ मधल्या दोघी अशाच बसलेल्या असणार. पॅलेस्टाइनमध्येही हातजातं दोघी मिळूनच ओढायच्या. "एक घेतली जाईल व एक ठेवली जाईल" हे लहानपणी ऐकताना मला नेहमी खुंटाच दिसायचा. वरचा हात गेला की खालच्या हाताला एकदम वजन लागतं. चोराबिराची भीती मला कधी वाटली नाही, या वजनाची वाटायची.

आणखी एक. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात, नियम आहे की कोणाचं जातं किंवा त्याची वरची तळी गहाण म्हणून घेऊ नये, कारण ते त्याचं जगणंच गहाण घेणं आहे. यिर्मया २५ मध्ये गाव ओसाड पडल्याची खूण म्हणजे जात्याचा आवाज बंद. शास्त्रात जातं कुठेकुठे आलंय ते बघत गेलात तर उपदेश आपोआप तयार होईल.

हिब्रू_ग्रीक_थोडंथोडं

जातं फारच छान. एक सावधगिरी: "घेतली गेलेली" भाग्यवान आणि "राहिलेली" अभागी असं ठोकून देऊ नका. दोनच वचनं आधी नोहाच्या पुराने लोकांना वाहून "नेलं" आहे, तिथे नेलं जाणं चांगलं नाही. भाष्यकारांत दोन्ही मतं आहेत. उताऱ्याचा जोर कोण कुठे गेलं यावर नाही, रोजचं काम चालू असताना घडतं यावर आहे. दळण अर्धं राहतं. दाखला तिथेच थांबवा.

दुसऱ्या रविवारच्या सुपाबद्दल: मूळ शब्द लाकडी दाताळ्यासारख्या अवजाराचा आहे, मळलेलं धान्य वाऱ्यावर उडवायचं. घरात बसून पाखडायचं सूप नव्हे. पण मराठी भाषांतरात चुकलं असं म्हणणार नाही, आपल्याकडे खळ्यावर उंचावर उभं राहून उफणतात तेही सुपानेच. "पाखडणे" ऐवजी "उफणणे" म्हणा म्हणजे झालं. पाखडण्यात बाईचा हात काम करतो, उफणण्यात वारा.

तिसऱ्या रविवारी गोंधळ होईल तो पावसाचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन नांगरण्याजोगी करणारा, शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरणारा. उन्हाळाभर थेंब नाही. मुंबईकराला पाऊस म्हणजे जून आणि छत्री, त्याला डिसेंबरात पावसाची वाट बघणारा शेतकरी कळायचा नाही. ज्यांचं मूळ नगर-जालन्याकडचं आहे त्यांना हस्ताचा पाऊस सांगा. तो पडला तर ज्वारी, नाहीतर नुसता कडबा. याकोबाचा शेतकरी त्यांना लगेच ओळखता येईल.

चेंबूरची_मार्था

आमच्या मंडळीतली अर्धी घरं जालन्याकडचीच आहेत. हस्त पक्का.

पहिल्या रविवारी जातं. दोन दिवस लिहून बघितलं, वचन, मग खुंट्यावरचे हात, मग टाळ-चिपळ्या दादांचं दार्ष्टांतिक. घेतली की ठेवली यावर गप्प राहायचं ठरवलंय, त्याऐवजी जात्यात अर्धवट राहिलेल्या वैरणीवर बोलणार. चौथ्या रविवारच्या योसेफासाठी अजून काही नाही. माणूस सबंध शुभवर्तमानात एक शब्द बोलत नाही, बहुधा मीही त्या दिवशी कमी बोलेन.

आता नवीच अडचण. तरुण संघाच्या मुलांना काल विचारलं, जातं माहीत आहे का? एक म्हणाला, "कुठे जातं?" म्हणजे प्रत्यक्षच दाखवावं लागणार. रविवारपर्यंत मुंबईत दगडी जातं कुठे मिळेल? विकत नको, भक्तीपुरतं. शोभेचं छोटं चालणार नाही, दोघींना समोरासमोर बसता आलं पाहिजे.

वसईवाला

आमच्या पडवीत आहे. वरची तळी शाबूत, खुंटा गेलाय, तो शेवग्याच्या फांदीचा करू नका, मऊ असते. बाभळीचा बसवून देतो. शनिवारी टेम्पो भाजी घेऊन दादरला येतो, त्यात टाकतो. उतरवायला दोन माणसं पाठवा, एकट्याने उचलत नाही.