पावसाळ्यात सिलिकॉन सेन्सरचा गळती-प्रवाह उसळतोय

ऐरोलीकर: ३०० मायक्रॉन जाडीचा स्ट्रिप सेन्सर (कणांचा माग टिपणारा, बारीक पट्ट्यांचा सिलिकॉनचा तुकडा), लॅब खारघरला. मेमध्ये २०० व्होल्टपर्यंत गळती-प्रवाह (उलट व्होल्टेज लावल्यावरही झिरपणारा थोडासा प्रवाह) नॅनोअँपिअरमध्ये, सपाट. जुलैत तोच ९० व्होल्टनंतर सरळ वर. सेन्सर गेला का?

चकवाला: बहुधा गेला नाही, दमट झालाय. सेन्सरवरच्या ऑक्साइडच्या आवरणावर ओलाव्याचा पातळ थर बसला की पृष्ठभागावरून विद्युतभार सरकतो, कडेपाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ब्रेकडाउन (प्रवाह एकदम उसळणं) लवकर येतं. तपासणीच्या बॉक्समध्ये कोरडा नायट्रोजन सोडा, आर्द्रता ३० टक्क्यांखाली आणा, तासभर थांबा. मग ५-५ व्होल्टच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर ३-४ सेकंद. प्रवाहाची मर्यादा १० मायक्रोअँपिअर लावा, नाहीतर तपासणीतच सेन्सर जळायचा. नायट्रोजन न सोडता चक (सेन्सर ठेवायचा, थंड करता येणारा पाट) २० अंशांवर नेऊ नका: २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २४च्या आसपास, म्हणजे सेन्सरवर थेट दव!

ऐरोलीकर: तापमानाचा फरक नसेल ना?

बेलापूर_७: दर ७-८ अंशांना प्रवाह साधारण दुप्पट होतो, म्हणून तापमान नोंदवाच. पण त्याने अख्खा आलेख वर सरकतो, ९० व्होल्टला असं वळण येत नाही. गार्ड रिंगची (सेन्सरच्या कडेने फिरणाऱ्या संरक्षक कड्याची) सुई नीट टेकलीय का बघा. ती तरंगती राहिली की कडेचा प्रवाहही मोजमापात घुसतो. झाकणाच्या फटीतून उजेड येत असेल तर तोही प्रवाह वाढवतो.

चकवाला: कोरडं करूनही वळण तिथेच राहिलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली कापलेली कड बघा. चिमट्याचा ओरखडा बहुतेक तिथेच सापडतो.