‘दोषसिद्धी’ की ‘शिक्षा’?

प्रश्न : मी एका दैनिकात मुद्रितशोधन करते. परवा एका मथळ्यातलं ‘दोषसिद्धीला स्थगिती’ खोडून ‘शिक्षेला स्थगिती’ केलं, कारण ओळ स्तंभात बसत नव्हती. उपसंपादकांनी ते परत फिरवलं, म्हणाले, "बातमीच उलटी केलीस." दोन्हींत नेमका फरक काय? आणि ‘दोषसिद्धी’ला बोलण्यातला शब्द आहे का?

प्रतिसाद : उपसंपादकांचं बरोबर आहे. दोषसिद्धी म्हणजे गुन्हा शाबीत होणं, शिक्षा म्हणजे त्यापायी मिळालेली कैद किंवा दंड. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधल्या कलम ८(३)नुसार दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली की दोषसिद्धीच्या तारखेपासून माणूस आमदार-खासदार व्हायला किंवा राहायला अपात्र होतो, आणि सुटल्यावरही सहा वर्षं अपात्रच राहतो. राहुल गांधींचं प्रकरण बघा. २३ मार्च २०२३ला सुरतच्या न्यायालयानं बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. एप्रिलमध्ये शिक्षा स्थगित झाली, पण खासदारकी परत आली नाही. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धीला स्थगिती दिली, तेव्हा कुठे ७ तारखेला ती मिळाली. तुम्ही खोडलेल्या शब्दाचं वजन एवढं आहे.

पूर्वी पदावरच्या आमदार-खासदारांनी तीन महिन्यांत अपील केलं की पद टिकायचं. लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०१३ला ती सवलत देणारं कलम ८(४) रद्द केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

बोलण्यात ‘गुन्हा शाबीत झाला’ म्हणावं. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ते कळतं.

दुसरा प्रतिसाद : मला ‘अपात्र’ हा शब्दच तोकडा वाटतो. उत्पन्न जास्त म्हणून रेशनकार्डातून वगळलेली बाई अपात्र, आणि खून शाबीत झालेला आमदारही अपात्र! कायद्याच्या मराठीत ‘अनर्ह’ आहे. पक्षांतराबद्दलच्या १९८६च्या राज्य कायद्याच्या नावातच ‘अनर्हता’ आहे. पण गावात तो कुणी उच्चारत नाही.

त्याहून मला खुपतं ते ‘गुन्हेगार उमेदवार’. शपथपत्रात खटला नोंदवलेला उमेदवार आरोपी असतो, गुन्हा अजून शाबीत व्हायचा असतो. नुसत्या दोषारोपावरून निवडणूकबंदी घालायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये नकार दिला आणि तो कायदा करणं संसदेवर सोपवलं. आपण मथळ्यात आरोपीला गुन्हेगार म्हणत राहिलो, तर ज्याचा गुन्हा खरोखर शाबीत झालाय त्याच्यासाठी वेगळा शब्द उरणार कुठला?