जर्मनीत एम. एस्सी.: ट्रस्टचं कर्ज आणि ब्लॉक अकाउंटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लहान बहीण मेकॅनिकल इंजिनीअर झाली. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात तिला एम. एस्सी.ला प्रवेश मिळालाय, एपीएस प्रमाणपत्रही (व्हिसाआधी आपली पदवी तपासून देतात ते) हातात आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घाटंजीकडचे. घरी कोरडवाहू वावर, पराटी (कापूस) अन् तूर. तिच्या विद्यापीठात शिकवणी फी नाही, सेमिस्टरची किरकोळ फी तेवढी. गाडी अडलीय ती ब्लॉक अकाउंटवर (तिथल्या वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे अडकवून ठेवायचं खातं): व्हिसासाठी आधीच 11,904 युरो जमा दाखवायचे, म्हणजे 12 लाखांच्या आसपास.

मोठ्या कंपन्यांचे ट्रस्ट परदेशी शिकायला पैसे देतात म्हणून शोधायला बसलो. देतात, पण बहुतेकांचे परत करायचे असतात. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट 1892 पासूनची, तीही कर्जरूपानेच देते. के. सी. महिंद्रा ट्रस्टचं बिनव्याजी: पहिल्या तिघांना 10 लाखांपर्यंत, बाकीच्यांना 5 लाखांपर्यंत. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनचंही बिनव्याजी कर्जच. (सेखसरिया आधी कापसाचे व्यापारी, मग अंबुजा सिमेंट. पराटीचा पैसा असा फिरून घरी आला तर बाबा खूश होतील.) इनलॅक्स फाउंडेशन इंजिनीअरिंगला शिष्यवृत्ती देतच नाही, शोधणाऱ्यांनी तिथे वेळ घालवू नये. परतफेडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. व्याजाशिवाय 5 लाख आमच्याकडे देतं कोण?

बँक तारणाशिवाय 7.5 लाखांपर्यंत बघू म्हणते. त्यापुढे तारण लागतं आणि शेतजमीन चालत नाही. मॅनेजरसाहेबांनी सरफेसी कायदा (बँका तारण जप्त करून वसुली करतात तो) दाखवला. शेतजमीन त्यात येतच नाही, मग वसुली कशी करायची म्हणे. कायद्याने बरोबर असेल, पण सातबारा सोडून आमच्याकडे दाखवण्यासारखं आहे काय?

तर विचारायचं हे: ट्रस्ट पैसे व्हिसाच्या आधी सोडतो का? की नुसतं मंजुरीपत्र देतो? बँकेचे 7.5 आणि ट्रस्टचे 5 असं जोडून कोणी गेलंय का, एकाला दुसऱ्याचं कर्ज चालतं का? नागपूरचा एक एजंट 'सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) मिळवून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागतोय. त्याला नाही सांगून झालंय, त्यावर चर्चा नको.

प्रतिसाद १
सारथीची (राज्य सरकारची संस्था) परदेशी शिक्षणासाठीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती पाहिली का? मराठा, कुणबी मुलांसाठी आहे, परत करावी लागत नाही. पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये लागतं.

प्रतिसाद २
मी जोडूनच गेलो. ट्रस्टच्या अर्जात बाकीचा पैसा कुठून आणणार ते विचारतातच, बँकेचं कर्ज तिथे सरळ लिहा. माझे पैसे कागदपत्रं आणि हमीदाराच्या सह्या झाल्यावर आले, म्हणून ब्लॉक अकाउंट आधी बँकेच्या पैशातून आणि थोड्या उसनवारीतून भरलं. बँकेला ब्लॉक अकाउंट म्हणजे काय ते समजवायला लागेल. आमच्या शाखेने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तालुक्याच्या शाखेत अडत असेल तर फाइल जिल्ह्याच्या शाखेकडे पाठवायला सांगा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. सारथीचं पाहिलं होतं, तिचं विद्यापीठ 200 मध्ये नाही. हमीदार पगारदारच लागतो का? मामा जिल्हा परिषद शाळेत आहेत, पण पुढच्या वर्षी रिटायर होताहेत. पेन्शनवाला चालला का कोणाला?