मदत हवी आहे : नागपुरात मराठीच्या शिक्षिकेची नोकरी मिळते आहे, पण मूळ प्रमाणपत्रे शाळेकडे ठेवावीत का?

नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यातली. मराठी विषयात एम. ए. आणि त्यानंतर बी. एड. केले असून टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण आहे. गावाकडच्या एका विनाअनुदानित शाळेत मी पाच वर्षे शिकवले. मानधन साडेपाच हजार रुपये होते आणि तेही बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांचे एकदम हातात पडत असे. यजमानांना हिंगणा एमआयडीसीत काम मिळाल्यामुळे जून 2025 मध्ये आम्ही सहा वर्षांच्या मुलीसह नागपूरला आलो आणि लोकमान्य नगरजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नोकरीचा शोध तेव्हापासून चालू आहे. आता एक संधी हाती आली आहे, परंतु तिच्या अटी ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. शाळेला येत्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीचे दोन महिने शहर समजून घेण्यातच गेले. आमच्या गावी कोणाकडे जायचे असेल तर पारावर विचारले की माणूस सोबत येऊन घर दाखवतो. इथे पत्ता मोबाईलवर असतो, पण फाटक कोणत्या गल्लीत उघडते हे मोबाईल सांगत नाही. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी सीताबर्डीला मेट्रो बदलायची होती. दोन मार्गिका वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत हे ठाऊक नव्हते, आणि गोंधळून मी खापरीकडे जाण्याऐवजी ऑटोमोटिव्ह चौकाच्या गाडीत बसले. परत फिरून शाळेत पोहोचेपर्यंत पाऊण तास उशीर झाला होता आणि मुलाखती संपल्या होत्या. त्यानंतर मी प्रत्येक शाळेत आदल्या दिवशी एकदा जाऊन रस्ता पाहून येऊ लागले. खर्च दुप्पट होतो, पण जीव शांत राहतो.

सध्याची संधी सीबीएसई अभ्यासक्रमाच्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेतील आहे. तेथील मराठीच्या शिक्षिका दिवाळीनंतर येणार नाहीत, म्हणून मला सहावीच्या वर्गावर वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगितले. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले घरी हिंदी बोलणारी होती. मी आमच्याकडच्या मामा तलावांविषयी शिकवले. फळ्यावर तलावाची पाळ, तिच्याखालच्या धानाच्या बांध्या आणि पाटाने बांधीत उतरणारे पाणी काढून दाखवले, आणि ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ नसून ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत हे सांगितल्यावर मुले पुढे सरकून बसली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “टीचर, मराठी में भी पानी ही बोलते क्या?”

त्या क्षणी मला कळले की फळ्यावर मी ‘पाणी’ लिहिले होते आणि तोंडाने सारखी ‘पानी’ म्हणत होते. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो. महाविद्यालयापासून मी सवय बदलली आहे, पण तलावाविषयी बोलता बोलता मी मनाने गावाला पोहोचले आणि भाषाही तिथलीच आली. मी मुलीला सांगितले की लिहिताना ‘पाणी’ लिहायचे, जीभ वर वळवून ‘ण’ म्हणायचा, आणि माझ्या गावात मात्र माझी आजी ‘पानी’च म्हणते. वर्गाने तो उच्चार माझ्यासोबत चार-पाच वेळा म्हटला आणि पाठ पुढे गेला. नंतर पर्यवेक्षिका म्हणाल्या, “शिकवता चांगले, पण अशी भाषा आमच्या पालकांना चालणार नाही.” ते शब्द मला फार लागले. मी चुकले हे मला मान्य आहे. मात्र ज्या बोलीत मी वाढले तिची लाज वाटावी असे त्यांनी सुचवले, ते मला अजून मान्य करता येत नाही.

तरीही दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. दरमहा तेरा हजार रुपये वेतन मिळेल. दोन वर्षे शाळा सोडणार नाही असे हमीपत्र लिहून द्यावे लागेल, मध्येच सोडल्यास तीन महिन्यांचे वेतन भरावे लागेल, आणि बी. एड. व टीईटीची मूळ प्रमाणपत्रे शाळेच्या ताब्यात राहतील. मी मे-जून 2025 मधील टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दिली असून 200 पैकी 98 गुण आहेत. शिक्षकभरतीच्या शासकीय पवित्र पोर्टलवर यादी लागली आणि कागदपत्रे तपासायला बोलावणे आले, तर मूळ प्रमाणपत्रांशिवाय मी काय दाखवणार?

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. ओळखीतून भेटलेल्या एका गृहस्थांनी बर्डीवर चहाच्या टपरीवर बसून सांगितले की बारा लाख रुपये दिले तर अनुदानित शाळेत मागील तारखेची मान्यता आणि शालार्थ क्रमांक, म्हणजे शासनाकडून पगार निघण्यासाठी लागणारा क्रमांक, दोन्ही मिळवून देतो. सासरे दोन एकर शेती गहाण ठेवायला तयार झाले आहेत, कारण त्यांना वाटते की नागपुरात असेच होत असते. मला हे करायचे नाही, परंतु घरात समजावून सांगण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही.

म्हणून विचारते. मूळ प्रमाणपत्रे द्यावीत का? हमीपत्र लिहून द्यावे का? की ही नोकरी सोडून घरी शिकवण्या घेत पुढच्या टेटची तयारी करावी? आणि ज्यांनी आपल्या बोलीतून प्रमाण उच्चारांकडे वाट काढली आहे, त्यांनी ती कशी काढली?

— बांधीकाठ



ताई, मी नागपुरातील एका अनुदानित शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. शेवटून सुरुवात करतो, कारण तिथे शेती पणाला लागली आहे.

त्या गृहस्थांना पुन्हा भेटू नका. अनुदानित शाळांतील शिक्षकांची भरती 2017 च्या निर्णयापासून अभियोग्यता चाचणीचे गुण आणि पवित्र प्रणाली यांच्यामार्फत होते. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न वेगळा आहे, पण पैसे घेऊन मागच्या तारखेची मान्यता देण्याची वाट कोणासाठीही कायदेशीर नाही. 2025 मध्ये आपल्या नागपूर विभागातच बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले गेले. सासऱ्यांना त्या दिवसांतील वर्तमानपत्रे वाचून दाखवा. अशा नेमणुकीत पैसे जातात, नोकरी जाते आणि वर आरोपी म्हणून उभे राहावे लागते.

मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही शाळेला ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी समोर बसून दाखवावीत, स्वसाक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ प्रती त्याच पिशवीत घरी आणाव्यात. नकार तोंडी देण्यापेक्षा छोटासा अर्ज लिहा : “शासकीय भरतीच्या कागदपत्र पडताळणीसाठी मूळ प्रमाणपत्रे मला केव्हाही लागू शकतात, म्हणून प्रती सादर करीत आहे.” लेखी अर्ज आला की कार्यालयाचा सूर बहुधा बदलतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

नेमणूकपत्र मात्र आग्रहाने मागा. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, आणि 1981 च्या नियमावलीत नेमणुकीच्या आदेशाचा नमुनाच दिलेला आहे. उद्या अन्यायाने कामावरून काढले तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते, पण तिथे हातात कागद लागतो. शिकवण्यांविषयी एवढेच की शाळेत लागल्यावर त्या बंद कराव्या लागतील, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही.

— निवृत्त मास्तर



वरील उत्तराशी सहमत आहे. मी स्वतः सीबीएसई शाळेत मराठी शिकवते, म्हणून आपल्या बाजूच्या एका मुद्द्याकडे लक्ष वेधते.

आपण समजता तितक्या आपण गरजू नाही, शाळाही गरजू आहे. मराठीच्या सक्तीच्या अध्यापनाचा कायदा 2020 मध्ये झाल्यापासून राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक आहे आणि उल्लंघन केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सत्राच्या मध्यावर मराठीची शिक्षिका निघून गेली की मुख्याध्यापकांची झोप उडते. तेव्हा हमीपत्र दोन वर्षांऐवजी चालू सत्राच्या शेवटापर्यंत मागून पाहा. सत्र मार्चअखेर संपते, त्यामुळे वर्षाच्या मध्येच वर्ग सोडून जाणार नाही असे आपण मनापासून लिहून देऊ शकता, आणि शाळेची खरी काळजीही तेवढीच असते.

नाही जमले तर नाउमेद होऊ नका. सीबीएसई शाळांचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने त्यांच्या जागा जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. ‘हितवाद’मधील शाळांच्या जाहिराती पाहत राहा. जून-जुलैमध्ये फिरल्यामुळे आपल्याला जागा दिसल्या नाहीत, त्यात आपली उणीव नव्हती. सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षाही देऊन ठेवा. तिथे भाषा म्हणून मराठी निवडता येते, मात्र इतर विषयांचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत असतात, तेवढी तयारी करावी लागेल.

— सक्करदरा



मी भंडारा जिल्ह्यातला, लाखांदूरकडचा. उच्चारांविषयी लिहितो, कारण ही वाट मी चाललो आहे.

‘ण’ येत नाही असे नसते, तो घाईत निसटतो. मी ‘मन’ आणि ‘मण’ ही जोडी धरून सराव केला. ‘मणभर धान पाहून मन भरले’ असे वाक्य रोज सकाळी दहा वेळा मोठ्याने म्हणत असे. त्यानंतर वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचा आणि तो ऐकताना निसटलेल्या प्रत्येक ‘ण’खाली पेन्सिलीने रेघ मारायची. दोन महिन्यांत रेघा विरळ झाल्या. घरी आईशी मात्र मी आजही झाडीतच बोलतो आणि त्याने माझ्या वर्गातल्या मराठीचे काही बिघडलेले नाही.

आपण त्या मुलीला दिलेले उत्तर मला फार आवडले. हिंदी बोलणाऱ्या मुलांचा ‘ळ’ असाच निसटतो. ती ‘फळ’ला ‘फल’ आणि ‘काळा’ला ‘काला’ म्हणतात. शिक्षिकेलाही एका अक्षरासाठी कष्ट करावे लागतात हे पाहिले की मुले न लाजता तोंड उघडतात. पुढच्या नमुना पाठात हीच गोष्ट चुकून नव्हे, ठरवून आणा.

— चुलबंद



सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

निवृत्त मास्तरांचे उत्तर मी सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “सातबारा पेटीतच आहे, तिथेच राहू दे.” तो विषय संपला.

सोमवारी मी अर्ज घेऊन शाळेत गेले. कार्यालयातील लिपिकांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि “मॅडम, इथे सगळेच देतात,” असे सांगितले. मी पोच मागितली आणि बाकावर बसून राहिले. सुमारे तासाभराने मुख्याध्यापिकांनी आत बोलावले, मूळ प्रमाणपत्रे एकेक करून पाहिली, प्रतींवर ‘मूळ प्रत पाहिली’ असे लिहून सही केली आणि मूळ प्रती माझ्या हातात परत दिल्या. हमीपत्र सत्राच्या शेवटापर्यंतचे झाले. दंडाची अट कायम राहिली, पण एका महिन्याच्या वेतनाइतकी. वेतन तेरा हजारच आहे. त्यावर त्या तयार झाल्या नाहीत आणि मीही ताणून धरले नाही. नेमणूकपत्र मिळाले असून दिवाळीनंतर रुजू व्हायचे आहे. ‘मन’ आणि ‘मण’ सकाळी चालू आहे. मुलगीही सोबत म्हणते, आणि तिचा ‘ण’ माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

आता एकच अडचण उरली आहे. यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलते. त्यांची सकाळची पाळी असते त्या आठवड्यात मला पावणेसातला घर सोडावे लागेल, आणि मुलीची शाळा साडेदहाला भरते. लोकमान्य नगर, वासुदेव नगर किंवा हिंगणा टी-पॉइंटच्या परिसरात सकाळी तीन-साडेतीन तास मुलीला सांभाळून शाळेच्या रिक्षात बसवून देणाऱ्या विश्वासू ताई किंवा लहानसे पाळणाघर कोणाला ठाऊक असेल, तर कृपया कळवावे. दरमहा दीड हजारापर्यंत देऊ शकेन.

— बांधीकाठ