पहिली क्रूझ: मला गावं बघायची आहेत, नवऱ्याला नुसता समुद्र. कोणता मार्ग घ्यावा?

कऱ्हेकाठ

जाणकारांचं मार्गदर्शन हवंय. आम्ही दोघंच, पन्नाशीच्या आसपास, पुण्याहून. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधे कधीतरी जायचंय. क्रूझ पहिलीच.

अडचण अशी की दोघांची सुट्टीची कल्पना अगदी वेगळी आहे. मला उतरून चालायचं असतं, जुनी वस्ती, बाजार, देवळं बघायची असतात. नवऱ्याला खुर्ची, पुस्तक आणि समोर पाणी एवढंच हवं, कुठे पोचायची घाई नको. मी शाकाहारी, दारू घेत नाही. तो संध्याकाळी एखाद-दोन ग्लास घेतो. मला घाटात गाडी लागते, म्हणून बोट लागेल अशीही भीती आहे.

तीन पर्याय काढलेत:
१. मुंबई–गोवा–मुंबई, २ रात्री
२. मुंबई–लक्षद्वीप–मुंबई
३. सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर, ४ रात्री

यातलं कोणतं? आणि बाल्कनीच्या केबिनला जादा पैसे घालावेत का?

डोलकाठी

जहाजाचे फोटो बाजूला ठेवा आणि आधी वेळापत्रक उघडा. प्रत्येक बंदरापुढे तीन गोष्टी लिहा: जहाज किती वाजता येतं-सुटतं, धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकतं, आणि उतरल्यावर गाव किती लांब. तुमच्यासारख्या जोडीचं सगळं या तिसऱ्या रकान्यावर ठरतं. गाव पायी अंतरावर असेल तर तुम्ही एकट्या उतरून हवं तेवढं भटकू शकता, आणि मिस्टरांना जहाजावर जो निवांतपणा मिळतो तो समुद्रातल्या दिवशीही मिळत नाही. बंदराच्या दिवशी बहुतेक प्रवासी खाली गेलेले असतात, डेकवरच्या खुर्च्या मोकळ्या असतात, जेवणाला रांग नसते.

आता तिन्ही पर्याय असे तपासू.

गोवा: जहाज मुरगाव बंदरात लागतं. ते मालवाहू बंदर आहे, तिथून सहज चालत गावात शिरता येत नाही. वास्को जवळ आहे, पण तुम्हाला बघायचं ते पणजी आणि जुनं गोवं ३० किलोमीटरच्या आसपास. जाण्यायेण्यात दोन तास धरा. शिवाय दोन रात्रींच्या सफरीत पहिली संध्याकाळ चढणं, सुरक्षा कवायत आणि जेवणात जाते. शेवटच्या सकाळी केबिन लवकर रिकामी करावी लागते. उजेडातला समुद्र मिस्टरांच्या वाट्याला फार कमी येतो. बोट लागते का हे कमी खर्चात पाहायचं असेल तर मात्र हा मार्ग उत्तम.

लक्षद्वीप: तिथल्या अगत्ती बेटाला मोठ्या जहाजासाठी धक्का नाही. जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि छोट्या बोटींनी बेटावर नेतात. लाटा असतील तर उतरणं रद्द होतं आणि तिकिटाच्या अटींमध्ये तशी तरतूद असते. पाण्यात डुंबणाऱ्यांसाठी ती जागा स्वर्ग आहे. पण बेट जेमतेम सात-साडेसात किलोमीटर लांब, जुना बाजार किंवा वस्ती बघत हिंडायला तिथे फारसं काही नाही. मिस्टर खूश होतील, तुम्ही दुसऱ्या दिवशी कंटाळाल.

सिंगापूर: पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरवर लागतं आणि बाहेर पडलं की समोर जॉर्ज टाउन. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं शहर, धक्क्यापासून चालत. फुकेतला मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या खाडीत नांगरतात आणि लाँचने किनाऱ्यावर नेतात. चौथा दिवस पूर्ण समुद्रात. म्हणजे एक बंदर तुमचं, एक दिवस त्यांचा, फुकेत ऐच्छिक. माझं मत तिसऱ्या पर्यायाला.

छापील वेळा मात्र जशाच्या तशा धरू नका. नांगरलेल्या जहाजावरून उतरताना आधी जहाजाकडून सहल घेतलेल्यांचा नंबर लागतो, मग टोकनवाल्यांचा. थांबणं आणि लाँचचा प्रवास दोन्ही वेळा मोजला तर आठ तासांचे साडेपाच-सहाच उरतात. गुडघे दुखत असतील तर हलत्या लाँचमध्ये पाय टाकणं जमेल का, तेही आधी बघा.

पडाव

केबिन आणि बोट लागणं, दोन्हींचं एकत्र सांगतो, कारण प्रश्न एकच आहे.

जहाज मध्याभोवती झुलतं, सी-सॉसारखं. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला वरखाली हालचाल सर्वांत जास्त, मधोमध सर्वांत कमी. डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं जसजसं वर जाल तसतसं वाढतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंख असतात, ते हे डोलणं बरंच कमी करतात. पुढे-मागे होणारी आपट मात्र त्यांच्याने थांबत नाही. म्हणून केबिन लांबीच्या मधली घ्या आणि खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची. सर्वांत वरच्या मजल्याची बाल्कनी महाग असते आणि तुमच्यासाठी तीच वाईट.

बाल्कनी घ्यावी का? चार रात्रींच्या सफरीत तुमच्या बाबतीत हो. ती ज्याला वापरायची तो माणूस दिवसाचे बरेच तास तिथेच बसणार आहे. तुमचाही फायदा: गरगरायला लागतं ते कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना ती दिसत नाही म्हणून. क्षितिजाकडे बघितलं की दोन्हींचा मेळ बसतो. आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये क्षितिजच नसतं. दोन रात्रींच्या गोवा सफरीत मात्र खिडकीची केबिन पुरे.

जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर आणखी एक तपासा. तुमच्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचं सभागृह असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री उशिरापर्यंत बास घुमतो. काही केबिन स्वस्त असतात कारण समोर जीवनरक्षक बोट टांगलेली असते. आणि ‘गॅरंटी’ प्रकारचं तिकीट घेऊ नका: दर कमी, पण केबिन कंपनी ठरवते, ती अगदी टोकाचीही मिळू शकते.

बाजू: सिंगापूरहून पेनांगकडे जहाज वायव्येला जातं, त्यामुळे जाताना सूर्यास्त डाव्या बाजूला दिसतो, परतताना उजव्या. समुद्रातला पूर्ण दिवस परतीचा आहे, म्हणून उजवी बाजू घ्या.

समुद्राविषयी. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूला मलय द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला सुमात्रा. वाऱ्याला पाणी ढकलत न्यायला लांब अंतर मिळत नाही, म्हणून मोठ्या लाटा क्वचितच तयार होतात. फुकेतच्या बाजूला समुद्र मोकळा होतो, पण थंडीत वारा ईशान्येचा असतो आणि जमिनीचा आडोसा मिळतो. अरबी समुद्रही हिवाळ्यात शांतच असतो. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळांचा काळ असतो हे लक्षात ठेवा. जहाजाच्या आकाराचाही फरक पडतो. मुंबईहून २०२१ पासून फिरणारी ‘एम्प्रेस’ १९९० सालची, सुमारे ४८ हजार टनांची. सिंगापूरहून जाणारं ‘गेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनांचं आहे. तेवढ्याच लाटेत मोठं जहाज कमी हलतं.

घाटात लागतं म्हणून जहाजात लागेलच असं नाही. घाटातला त्रास वळणं, ब्रेक आणि डिझेलच्या वासाचा असतो. जहाजाची हालचाल संथ असते. तरी अ‍ॅव्होमिन जवळ ठेवा. गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, जहाज सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यायची. झोप येते आणि दारूबरोबर चालत नाही. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा रोजची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं, लिमलेटच्या गोळ्या, आल्याचा तुकडा चालतो.

निशिगंध

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

जाहिरातीतला दर माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. त्यावर बंदर-कर. मग सेवाशुल्क, जे डॉलरमध्ये आकारणाऱ्या कंपन्यांकडे साधारण १६ ते २० डॉलर माणशी दर रात्री असतं. दोघांचे चार रात्रींचे साधारण १३० ते १६० डॉलर झाले. वायफाय वेगळं. सहली वेगळ्या. एजंटाकडून पूर्ण पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे एजंटाने आधीच गोळा करायचा कर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण भरायच्या वेळी हातात हवा.

तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसा वाया जाऊ शकतो तो पेयांच्या पॅकेजवर. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा नियम असा आहे की केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. हिशोब करा: माणशी रोज ८० डॉलर धरले तर दोघांचे चार दिवसांचे ६४० डॉलर. मिस्टर रोज दोन ग्लास घेणार असतील तर चार दिवसांत आठ ग्लास. ग्लासाला १४ डॉलर आणि वर १८ टक्के सेवाशुल्क धरलं तरी १३५ डॉलरच्या आत. पॅकेज नको, ग्लासागणिक घ्या. पाणी, साधा चहा-कॉफी तिकिटात असते.

जेवण: सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय शाकाहारी पदार्थ नेहमीचे झालेत. तरी बुकिंग करतानाच ‘भारतीय शाकाहारी’ नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवा. आयत्या वेळी मागितलं की मिळतं ते उकडलेल्या भाज्या आणि पास्ता. घरून शिजवलेलं नेऊ देत नाहीत. पाकीटबंद कोरडा खाऊ बहुधा चालतो. इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड सामानात सापडला की काढून घेतात.

मोबाइल: जहाज किनारा सोडताना फोन विमान मोडवर टाका. जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क सिंगापूरच्या रोमिंग पॅकमध्ये येत नाही, आणि फोन आपोआप त्याला जोडला गेला तर बिल फार मोठं येतं.

कऱ्हेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा पर्याय जवळजवळ ठरला. दोन शंका: फुकेतला तो उतरणारच नसेल तर त्याला कागदपत्रं लागतील का? आणि पेनांगला मी एकटीने फिरायचं तर जहाजाची सहल घेऊ की आपलं आपण?

डोलकाठी

कागदपत्रं दोघांनाही सारखीच. जहाज ज्या देशांत थांबतं त्या सगळ्यांच्या अटी प्रत्येक प्रवाशाला पूर्ण कराव्या लागतात, उतरा किंवा उतरू नका. नाहीतर सिंगापूरलाच चढू देत नाहीत. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे व्हिसा हातात आल्याबरोबर वाचा: विमानाने एकदा शिरता आणि जहाजाने परत शिरता, म्हणजे दोन प्रवेश. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने वैध हवा. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत अनेकदा बदललेत, त्यामुळे बुकिंगच्या वेळी आणि निघायच्या पंधरा दिवस आधी असे दोनदा सरकारी संकेतस्थळावर बघा. मलेशियाचं ऑनलाइन आगमनपत्र पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. पासपोर्टची रंगीत प्रत सोबत ठेवा, काही जहाजांवर मूळ पासपोर्ट जमा करून घेतात.

सिंगापूरला जहाज सुटायच्या दिवशी सकाळी उतरणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. विमा घेताना चुकलेलं जहाज आणि समुद्रातून रुग्णाला हलवणं या दोन गोष्टी त्यात आहेत का, ते पाहा.

घड्याळ: सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, थायलंड एक तास मागे. फुकेतला फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो, आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत असेल तर ‘पाचला परत या’ म्हणजे तुमच्या फोनवरचे चार. चढण्याची वेळ कोणत्या घड्याळाची, ते त्या दिवसाच्या पत्रकात वाचूनच उतरा. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवणं सर्वांत खात्रीचं.

फुकेतला उतरलात तर जहाजाची सहल घ्या. गाडी अडकली तरी जहाज त्या सहलीसाठी थांबतं, तुमच्या स्वतंत्र टॅक्सीसाठी नाही. पेनांगला सहलीची गरज नाही.

मांडवी

पेनांगपुरतं लिहिते.

सिंगापूरहून साधारण ३८० सागरी मैल आहेत. १८ नॉटने (तासाला १८ सागरी मैल) २१ तास लागतात, म्हणून संध्याकाळी पाचला सुटलेलं जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतं. तुमच्याकडे दुपार आणि संध्याकाळ आहे. आधी खू कोंगसीला जा. ते चिनी कुलमंदिर पाचला बंद होतं. धक्क्यापासून सव्वा किलोमीटरच्या आसपास, वाटेत फोर्ट कॉर्नवॉलिस. तिथून आर्मेनियन स्ट्रीट, मग ऊन उतरलं की पाण्यावर खांबांवर उभी असलेली च्यू जेटीची वस्ती. लोकांची राहती घरं आहेत ती, दारांतून डोकावून फोटो काढू नका. परतताना लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ सालचं महामारियम्मन देऊळ, आणि जेवण तिथेच. केळीच्या पानावर दाक्षिणात्य शाकाहारी ताट मिळतं. इतर ठिकाणी भाजीतही ‘बेलाचान’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते, त्यामुळे नुसतं ‘चिकन-मटण नको’ म्हणणं पुरत नाही. बेलाचान नको असं नाव घेऊन सांगा.

पेनांग हिलची रेल्वे त्याच दिवशी कोंबू नका. टॅक्सीने अर्धा तास आणि वर रांग, दुपार त्यातच संपेल.

तारीख जानेवारी-फेब्रुवारीतली घ्या. पेनांगला सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस जास्त असतो. नाताळ आणि चिनी नववर्षाचे आठवडे सोडा: भाडं चढतं, जहाज भरलेलं असतं आणि नववर्षाला जॉर्ज टाउनमधली बरीच दुकानं बंद असतात. मिस्टरांना जेवायच्या वेळी लिटल इंडियात बोलवून घ्या, धक्क्यापासून पंधरा मिनिटांची चाल आहे.