लेझरने टॅटू काढताना: तुमचे अनुभव लिहा

निळाई

दवाखान्यांच्या जाहिरातींत दोनच फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. या दोन फोटोंच्या मध्ये जे वर्ष-दीड वर्ष जातं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. फोड, खपल्या, खाज, उन्हाची धास्ती, आणि अर्धवट पुसलेलं चित्र अंगावर घेऊन महिनोन् महिने ऑफिसला जाणं. हा धागा त्या मधल्या काळासाठी आहे. कुठल्या दवाखान्यात केलं त्याचं नाव नको. काय झालं, कसं झालं, काय आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईत दोन ओळी होत्या. तासभर आधी बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळला होता. मग माझ्या आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवर जाड चष्मे. मशीन सुरू झाल्यावर प्रत्येक ठोक्याला 'टक्' असा आवाज आणि कढईतलं तेल अंगावर उडावं तसा चटका. मनगटावर लव असेल तर जळक्या केसांचा वासही येतो, घाबरू नका. जिथून किरण गेला तिथलं अक्षर डोळ्यांदेखत पांढरंफटक झालं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, हा पांढरेपणा म्हणजे कातडीत तयार झालेले वायूचे बुडबुडे. वीसेक मिनिटांत तो ओसरतो आणि अक्षर जसंच्या तसं परत दिसायला लागतं.

तसंच झालं. इथेच बऱ्याच जणांचा धीर सुटतो. पैसे भरले, दुखणं सोसलं आणि घरी आलो तर टॅटू तिथेच! खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते दिसत नाही. त्या रात्री मनगट सुजलं, सकाळी फोड आले. फोड फोडायचे नाहीत, व्हॅसलिन लावून न चिकटणारी जाळीची पट्टी बांधायची. खपली आपोआप पडू द्यायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत फरक कळत नाही. सहाव्या आठवड्यात एके दिवशी बांगड्या घालताना लक्षात येतं, की वेलांटी अंधुक झालीय.

परिचारिका

मी त्वचारोग विभागात लेझरच्या खोलीत काम करते. निळाईताईंनी वेळेबद्दल लिहिलंय त्याला थोडी जोड देते.

शाई लेझर काढत नाही, आपलं शरीर काढतं. शाईचे कण कातडीतल्या पेशींनी गिळून धरून ठेवलेले असतात. या पेशी मेल्या तरी शेजारच्या नव्या पेशी तीच शाई पुन्हा गिळतात, म्हणून टॅटू वर्षानुवर्षं टिकतो. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. लेझर त्या कणांचे बारीक तुकडे करतं. मग ते तुकडे लसिकावाहिन्यांतून हळूहळू वाहून नेले जातात. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवतात. लवकर या, महिन्यात दोन करू, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. घाई केली की शाई लवकर जात नाही, कातडी मात्र बिघडते.

दुसरं म्हणजे आपला रंग. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्यसुद्धा किरण शोषून घेतं. काळ्या आणि गडद निळ्या शाईसाठी 1064 नॅनोमीटरची एनडी-याग लेझर आपल्याला त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण ती खोल जाते आणि वरच्या रंगाला कमी धक्का देते. लाल-केशरी शाईला 532 लागतं आणि तिथे आमच्या कातडीवर पांढरे डाग उठण्याची भीती जास्त. म्हणून 'मशीन कोणती, माझ्या रंगावर कोणती तरंगलांबी वापरणार, आधी छोटा टेस्ट पॅच करणार का' हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचाराच. आम्हाला विचारलेलं आवडतं.

पहाटरनर

माझ्या उजव्या दंडावर राजमुद्रा आहे. म्हणजे होती असं म्हणायला अजून वेळ आहे. बारावीनंतर आमच्या गावातल्या निम्म्या पोरांनी काढली, शिवजयंतीच्या आधी. मग मी भरतीची तयारी सुरू केली आणि अकॅडमीच्या सरांनी पहिल्याच दिवशी दंड बघून सांगितलं, हा चालणार नाही.

नियम मी नीट वाचले. सैन्यात टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजाच्या परंपरेतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत (सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे) अजून कडक: डावाच हात, कारण उजव्याने सलामी द्यायची असते, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान. दंड कुठेच बसत नाही.

महाराजांची मुद्रा अंगावरून पुसायची या विचाराने मला दोन महिने झोप नव्हती. घरी कुणाला बोललो नाही. शेवटी वडीलच म्हणाले, वर्दी घाल, ती मोठी मुद्रा आहे. मग गेलो.

भरतीवाल्या पोरांसाठी सांगतो: मेडिकलच्या तारखेवरून मागे मोजा. राजमुद्रेची अक्षरं गच्च भरलेली असतात, शाई जास्त, त्यामुळे वर्ष कमीत कमी धराच. सिटिंगनंतर आठवडाभर पुलअप्स, दोर, घासणारं काहीच नको. घाम फोडावर गेला तर आग होते आणि पू धरतो. मी पहाटे फक्त पळायचो, पूर्ण बाहीचा सुती शर्ट घालून, आणि ऊन वर यायच्या आत घरी. मुद्रेची बाहेरची कड गेली, आतली अक्षरं फिकी राखाडी राहिलीत. अजून चालू आहे.

आणि ॲसिड, चुना, बिब्बा यातलं काहीही लावू नका. आमच्या बॅचच्या एकाने बिब्बा लावला. टॅटूच्या जागी आता जाड, लालसर व्रण आहे आणि मेडिकलला तो व्रणच आधी दिसतो.

परिचारिका

पहाटरनर दादा, बिब्ब्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत. बिब्ब्याच्या तेलाने कातडी पोळते आणि पुरळ अंगभर पसरू शकतं. अशा व्रणावर नंतर लेझर करणंही अवघड होतं, कारण शाई खाली अडकून राहते. जखम झाली की ज्यांच्या अंगावर व्रण उंच वाढत जातो, त्यांनी लेझरच्या आधी डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावं.

तापीकाठ

माझा टॅटू नाही, गोंदण. जळगावकडची आहे. मी पाच-सहा वर्षांची असताना यात्रेत गोंदणारीण बसली होती, आजीने मांडीवर धरलं आणि कपाळावर एक, हनुवटीवर तीन ठिपके काढून घेतले. काजळी आणि सुया. हातावर तुळस नंतर काढली.

पुण्यात नोकरीला लागल्यावर रोज कुणी ना कुणी हनुवटीकडे बोट दाखवून 'काय लागलंय' म्हणून विचारायचं. मला गोंदणाची लाज कधीच नव्हती, पण रोज उत्तर देऊन दमले. चेहऱ्यावरचं काढायचं आणि हातावरची तुळस ठेवायची असं ठरवलं.

अवघड होतं ते आजीला सांगणं. तिच्या मते सोनं-नाणं इथेच राहतं, मेल्यावर बाईबरोबर जातं ते फक्त गोंदण. मी तिला म्हटलं, आजी, तुळस ठेवतेय ना. ती बराच वेळ माझा हात हातात घेऊन बघत बसली आणि मग म्हणाली, तुळस पुरे.

डॉक्टर म्हणाले की चेहऱ्याला रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून तिथली शाई पायापेक्षा लवकर जाते. शिवाय काजळीचं गोंदण एकाच रंगाचं आणि शाई कमी. हनुवटीचे दोन ठिपके पटकन गेले, तिसरा खोल टोचलेला होता, तो रेंगाळला. कपाळावरचा गेला, पण तिथे काही महिने गव्हाळ रंगाहून जरा गडद डाग राहिला होता. रोज सनस्क्रीन आणि ओढणी. हळूहळू मिसळला. लग्नसराई तोंडावर असताना चेहऱ्याचं करू नका, हे मनापासून सांगते.

निळाई

तापीकाठ, वाचून डोळे भरून आले. कातडीचा प्रकार, जागा, रंग, शाईचं प्रमाण, व्रण, एकावर एक काढलेले टॅटू या सहा गोष्टींना गुण देऊन किती सिटिंग लागतील याचा अंदाज बांधायची एक मोजपट्टी 2009 पासून डॉक्टर वापरतात, तिला किर्बी-देसाई म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना तुमचे गुण विचारा. 'सहा सिटिंगमध्ये शंभर टक्के' असं छापील आश्वासन मला एका ठिकाणी मिळालं होतं, पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरा म्हणून. मी तिथे केलं नाही. दर सिटिंगचे वेगळे पैसे भरा, म्हणजे मध्ये थांबता येतं.

वळीव

माझी गोष्ट वेगळी आहे, पण इथेच बसते असं वाटलं.

स्तनाच्या कर्करोगानंतर मला रेडिएशन दिलं. रोज किरण नेमके त्याच जागी पडावेत म्हणून सुरुवातीला छातीवर सुईने शाईचे बारीक ठिपके करतात, कायमचे. टाचणीच्या डोक्याएवढे. उपचार संपले, केस परत आले, सगळे म्हणाले आता विसरून जा. पण आंघोळ करताना रोज ते निळसर ठिपके दिसायचे. गळ्याशी असलेला एक तर ब्लाऊजच्या वरही यायचा.

आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, किरण कुठे दिले होते त्याची नोंद आमच्याकडे पक्की आहे, काढायला हरकत नाही. हे विचारणं आवश्यक आहे, कारण पुढे कधी पुन्हा उपचार लागले तर आधीचा भाग कळावा लागतो. मग रेडिएशनची कातडी पूर्ण निवेपर्यंत थांबले.

खरं तर चष्मा घालायला जेवढा वेळ लागला, तेवढाही लेझरला लागला नाही. ठिपके इतके लहान की मलमही लावलं नाही. दुसऱ्या खेपेनंतर गळ्याजवळचा दिसेनासा झाला. ज्या बायकांना हे ठिपके खुपतात आणि 'एवढ्याशा गोष्टीसाठी काय जायचं' म्हणून ज्या गप्प बसतात, त्यांच्यासाठी लिहिलं. जा. ही एवढीशी गोष्ट नाही.

स्टुटगार्टकर

जर्मनीत 2020 च्या अखेरीपासून लेझरने टॅटू काढायची परवानगी फक्त डॉक्टरांना आहे, ब्युटी पार्लरला नाही. त्यामुळे अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, पण समोर कोण बसलंय याची खात्री असते.

माझ्या घोट्यावर मोरपीस होतं, हिरवं, निळं आणि काळ्या रेघेचं. काळी रेघ आधी गेली, मग बरेच महिने माझ्या पायावर बिनरेघेचा हिरवा डाग होता. हिरव्याला वेगळी लेझर लागते, 755 ची अलेक्झांड्राइट किंवा 694 ची रुबी, आणि ज्या दवाखान्यात फक्त एनडी-याग आहे तिथे हिरवं हटत नाही. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांत मोजला जाणारा ठोका, त्याने माझं हिरवं हललं. घोटा हृदयापासून लांब, म्हणून सगळंच सावकाश. सिगारेट ओढणाऱ्यांचं अजून सावकाश जातं असं डॉक्टरांनी सांगितलं.

शेवंती

भुवया! पार्लरमध्ये भरून घेतलेल्या भुवया दोन वर्षांनी विटकरी दिसायला लागल्या म्हणून काढायला गेले. डॉक्टरांनी भुवईच्या टोकाला एकच ठोका देऊन घरी पाठवलं. तो ठिपका काळाकरडा झाला! तपकिरी, गुलाबी, पांढऱ्या शाईत लोहाचे नाहीतर टायटॅनियमचे ऑक्साइड असतात, ते लेझरने उलट गडद होऊ शकतात. सगळ्या भुवईला एकदम केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको. नंतर तो करडा ठिपका काळ्या शाईसारखा हाताळून घालवला आणि मग बाकीचं हळूहळू. डोळ्याजवळ करायचं असेल तर पापणीच्या आत बसवायची धातूची वाटी वापरतात का, हे विचारा. साधा चष्मा तिथे पुरत नाही.

परिचारिका

शेवंतीताईंच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. एक अजून: लाल शाईच्या जागी ज्यांना सतत खाज किंवा गाठी आहेत, त्यांनी सरळ लेझरला बसू नये. त्या शाईची ॲलर्जी असेल तर कण फुटल्यावर ती अंगभर उठू शकते. आणि बधिर करणारं मलम घरून पाठभर चोपडून येऊ नका. मोठ्या भागावर जास्त लावलं तर ते रक्तात जातं आणि जिवावर बेतू शकतं.

घाटवाट

मी पूर्ण काढला नाही. दंडावर जुनं, विरलेलं चित्र होतं. त्यावर राजगडाचा बालेकिल्ला काढायचा होता, पण खालचं इतकं काळं की कलाकार म्हणाला, सगळाच काळा डोंगर होईल. म्हणून फक्त फिकं होईपर्यंत लेझर केलं. खर्च आणि वेळ दोन्ही बरेच वाचले. शेवटच्या सिटिंगनंतर कलाकार काही महिने हात लावायला तयार नाही. नवी शाई अशा कातडीत नीट धरते का?

परिचारिका

धरते. पण जिथे व्रण झालाय तिथे ती पसरते किंवा फिकी बसते. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा. उंचवटा किंवा कडकपणा लागला तर ती जागा कलाकाराला आधीच दाखवा, म्हणजे तो बारीक रेघा तिथून हलवेल.